इनडिझाइनचा ‘पेपर’ स्वॉच: छपाईतल्या पांढऱ्याचा सविस्तर आढावा

ॲडोबीच्या इनडिझाइन या पान जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फाइल उघडून एफ ५ दाबलं की स्वॉचेस, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या रंगांच्या, पॅनेलमध्ये वरच्या बाजूला चार नावं चौकोनी कंसात दिसतात: नन, रजिस्ट्रेशन (सगळ्या शायांत उमटणारा रंग), पेपर आणि ब्लॅक. कंसातलं नाव पुसता येत नाही. यातल्या ‘पेपर’कडे बहुतेक ऑपरेटर पांढरा रंग म्हणून बघतात आणि कामाला लागतात. आर्ट पेपरवरच्या साध्या पत्रकात त्याने काही बिघडतही नाही. बिघडतं ते क्रीम कागदावरच्या पुस्तकात, क्राफ्टच्या पिशवीवर, पारदर्शक लेबलवर, नाहीतर बाहेरून आलेला लोगो गडद पट्टीवर बसवताना.

हा आढावा त्या एका स्वॉचचा आणि त्याच्या आजूबाजूच्या सोयींचा. मत आधीच सांगतो: पान जुळवण्याच्या सॉफ्टवेअरांमध्ये पांढऱ्याचा इतका नीट विचार इतरत्र सापडत नाही. पण ॲडोबीने तो विचार अर्ध्यावर सोडला आहे, आणि उरलेला अर्धा ऑपरेटरला स्वतःच्या शिस्तीने भरून काढावा लागतो.

पेपर म्हणजे शाई नव्हे

चार रंगांच्या ऑफसेटवर प्रत्येक शाईची (सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी; एकत्र सीएमवायके, सुट्या सी, एम, वाय, के) एक प्लेट असते, पांढरी प्लेट नसते. पांढरं दिसतं ते कागदाचं अंग. पेपर स्वॉच याच गोष्टीला नाव देतो. एखाद्या चौकटीत पेपर भरला की तिच्याखाली जे काही असेल ते चारही प्लेटांवर तेवढ्या आकारात कापलं जातं आणि तिथे कोरा कागद राहतो. ननचं काम वेगळं आहे. नन म्हणजे काहीच नाही, खालचं जसंच्या तसं दिसणार. म्हणून एखाद्या वस्तूचा रंग ‘काढून टाकायला’ पेपर लावणं चुकीचं. त्यासाठी नन आहे, आणि त्याची कळ आहे तिरकी रेघ.

पानाच्या कोऱ्या भागावर या दोन्हींत डोळ्यांना फरक कळत नाही. फरक उघडा पडतो तो पुढच्या कामात. मजकुराच्या चौकटीला नन असेल तर ड्रॉप शॅडो अक्षरांना लागते, पेपर असेल तर चौकटीला. सगळ्या पानांना लागू होणाऱ्या मास्टर (नव्या आवृत्त्यांत ‘पॅरेंट’) पानावर हलका टिंट, म्हणजे विरळ केलेला रंग, टाकला की पेपर भरलेले सगळे मजकूर पांढरे चौकोन होऊन वर येतात. तक्त्याच्या आडव्या पट्ट्या एक सोडून एक भरताना मधल्या ओळींना नन ठेवायचं की पेपर, हे तक्त्याच्या मागे काय आहे त्यावर ठरवा. मागे फोटो असेल तर पेपर, मागे टिंट असेल आणि तो दिसायला हवा असेल तर नन. तुटक रेषेच्या फटींचंही तसंच. स्ट्रोक पॅनेलमधला गॅप कलर मुळात नन असतो, गडद फोटोवर तुटक रेषा स्पष्ट हवी असेल तर तो पेपर करावा लागतो.

पेजमेकर या ॲडोबीच्या जुन्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्यांना हे चार स्वॉच नवे नाहीत. तिथल्या कलर्स पॅलेटमध्येही नन, पेपर, ब्लॅक आणि रजिस्ट्रेशन कंसातच असायचे, आणि १९९९ साली आलेल्या इनडिझाइनने तीच रीत पुढे चालवली. श्रीलिपी (मराठी फाँटांचं सॉफ्टवेअर) आणि पेजमेकरवर उभ्या राहिलेल्या मराठी छपाईला त्यामुळे इनडिझाइनचा हा भाग ओळखीचा वाटतो.

कागदाचा रंग पडद्यावर आणणं

पेपरची खरी खुबी ही की तो बदलता येतो आणि बदलला तरी छापला जात नाही. स्वॉचवर डबल-क्लिक करा, कलर मोड सीएमवायके, आरजीबी (पडद्याचे लाल-हिरवा-निळा) किंवा लॅब (एल म्हणजे उजळपणा, ए आणि बी म्हणजे रंगछटा) निवडा, आकडे द्या, ओके. सगळं पान त्या रंगाचं दिसू लागतं. प्लेटवर मात्र शून्य. नॅचरल शेड मॅपलिथोवर, म्हणजे क्रीम छटेच्या पुस्तकी कागदावर, कादंबरी छापायची असेल तर पानभर हलक्या पिवळ्याची चौकट टाकून ‘क्रीम बघू’ असं करणारे अजून भेटतात. ती चौकट चुकून राहिली की प्रत्येक पानावर पाच टक्के पिवळ्याचे ठिपके छापले जातात, आणि एक रंगाचं पुस्तक दोन रंगांचं होतं. पेपर बदलला तर हा धोकाच नाही.

आकडे कुठून आणायचे? वृत्तपत्री छपाईच्या आयएसओ १२६४७-३ मानकात न्यूजप्रिंटचा रंग लॅबमध्ये एल ८२, ए ०, बी ३ असा धरलेला आहे. फोग्रा ३९ या ऑफसेटच्या प्रमाण मोजमापांत कोटेड कागदासाठी एल ९५, ए ०, बी उणे २. हे दोन संच पेपरमध्ये आलटूनपालटून भरून बघा, दिवाळी अंकाची एकच जाहिरात आतल्या न्यूजप्रिंटच्या पानावर आणि आर्ट पेपरवर किती वेगळी वाटेल याचा अंदाज लगेच येतो. एल ९५ वरून ८२ वर येणं म्हणजे पानातलं सगळ्यात उजळ टोकच खाली उतरणं. क्रीम कागदासाठी छापखान्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर त्याने मोजलेले आकडे घ्या. नसेल तर सी ०, एम ३, वाय १२, के ० पासून सुरू करून खरा कागद पडद्याशेजारी चांगल्या उजेडात धरा आणि जुळवा. ब्रायटनर घातलेले पांढरेशुभ्र कागद थोडे निळसर असतात, त्यांच्यासाठी लॅबमधला बी उण्याकडे न्यावा लागतो.

एक खाचखळगा इथे आहे. काहीच सिलेक्ट नसताना स्वॉचवर डबल-क्लिक केलं की तो स्वॉच पुढच्या कामाचा मूळ फिल किंवा स्ट्रोक बनतो. पेपर बदलून झाल्यावर टूलबॉक्समधला फिल पुन्हा नन करा. नाहीतर त्यानंतर काढलेली प्रत्येक चौकट पेपरने भरून येते आणि मागचं झाकत जाते. कोऱ्या पानावर हे कळत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पार्श्वभूमी टाकली की कळतं.

आणि दुसरी मर्यादा: बदललेला पेपर फक्त पान आणि पेपर भरलेल्या वस्तू रंगवतो. फोटोमधलं पांढरं तसंच लख्ख पांढरं राहतं, फोटोचे रंगही कागदामुळे मळत नाहीत. म्हणजे हे दृश्य मांडणी ठरवायला पुरेसं आहे, रंग पास करायला नाही. रंगासाठी व्ह्यू मेनूतून प्रूफ सेटअप, कस्टम, तिथे छापखान्याचा प्रोफाइल (त्याच्या शाई-कागदाची रंगमाहिती असलेली फाइल) निवडून ‘सिम्युलेट पेपर कलर’वर खूण करा. त्यात फोटोसह सगळं पान त्या प्रोफाइलच्या कागदावर उतरतं. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका. सिम्युलेट पेपर कलर वापरायचं असेल तर पेपर स्वॉच आधी चारही शून्यांवर परत आणा.

ग्राहकाला क्रीम कागदावरचं दृश्य दाखवायचं असेल तर पीडीएफमध्ये काही घुसवू नका. ॲक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये ‘सेट पेज बॅकग्राउंड कलर’ ही खूण आहे. ती फक्त पडद्यावर रंग देते, फाइल तशीच राहते.

तोतया पांढरे

इनडिझाइनच्या फाइलीत पेपरखेरीज आणखी पांढरे येऊन बसतात. वर्डची फाइल प्लेस केली, म्हणजे पानात आणली, की ‘वर्ड’पासून सुरू होणारे आणि पुढे आरजीबीचे आकडे लावलेले स्वॉच येतात, त्यात २५५-२५५-२५५ वाला पांढरा असतो. इलस्ट्रेटरमधून वेक्टर कॉपी-पेस्ट केलं की चार शून्यांचा पांढरा येतो. इलस्ट्रेटरमध्ये डी दाबल्यावर फिल पांढरा आणि स्ट्रोक काळा असा ठरलेला असतो, म्हणून तिथल्या आकृत्यांमध्ये नको तिथे पांढरं भरलेलं असण्याची शक्यता नेहमीच असते. इनडिझाइनमध्ये तीच कळ फिल नन देते.

प्लेटवर चार शून्यांचा पांढरा आणि पेपर यांचा परिणाम एकच, मग कशाला भांडायचं? कारण साधं आहे. पेपरला कुणी क्रीम केलं तर शाई लागत नाही. ‘व्हाइट’ नावाच्या साध्या स्वॉचला कुणी क्रीम केलं तर शाई लागते. दोन ऑपरेटर एकाच फाइलीवर काम करत असतील तर हा अपघात होतोच. आरजीबीतल्या पांढऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. रंगांतर ॲब्सोल्यूट कलरिमेट्रिकने, म्हणजे कागदाच्या पांढऱ्यासकट जुळवून, झालं तर तो निखळ शून्यावर येईलच याची खात्री नसते.

तोतये शोधायची सोपी रीत: पेपर स्वॉचला तात्पुरता भडक गुलाबी करा, साध्या नॉर्मल दृश्यात फाइल वरून खाली बघा. जे खरे पेपर आहेत ते गुलाबी झाले, जे पांढरे उरले ते तोतये किंवा फोटोतले पांढरे. मग पॅनेलच्या मेनूतून ‘ॲड अननेम्ड कलर्स’ चालवा, म्हणजे बिननावाचे रंगही यादीत येतील. तोतया स्वॉच निवडून कचरापेटीवर क्लिक केलं की बदली कोणता रंग द्यायचा असं विचारलं जातं, तिथे पेपर निवडा. सगळं झालं की पेपर परत मूळ आकड्यांवर. प्लेस केलेल्या इलस्ट्रेटर किंवा पीडीएफ फाइलींच्या आतले पांढरे यातून बदलत नाहीत, ते मूळ फाइलीतच जाऊन बदलायचे.

फोटोतल्या पांढऱ्याकडे खास लक्ष द्या. दागिन्यांच्या, भांड्यांच्या, औषधांच्या फोटोंची पार्श्वभूमी पडद्यावर पांढरी वाटते, पण सेपरेशन्स प्रिव्ह्यूमध्ये (प्रत्येक शाईचे टक्के दाखवणारं पॅनेल) कर्सर नेला की सी २, एम २, वाय ३ असे आकडे दिसतात. छापल्यावर फोटोभोवती पुसट चौकोन उठतो. कित्येक जण यावर मल्टिप्लाय, म्हणजे खालच्या रंगात मिसळणारा मोड, लावतात. मल्टिप्लायने शुद्ध पांढरं गायब होतं, दोन-तीन टक्क्यांचे ठिपके तसेच राहतात. इलाज फोटोशॉपमध्येच: लेव्हल्समधून पार्श्वभूमी २५५ वर न्या, इन्फो पॅनेलमध्ये कडांपर्यंत तपासा, किंवा क्लिपिंग पाथ (वस्तूच्या कडेने कापणारी रेषा) द्या.

पांढरं अक्षर गायब होतं तेव्हा

पांढऱ्यातलं सगळ्यात महागडं संकट ओव्हरप्रिंटचं, म्हणजे खालचं न कापता त्याच्यावरच छापण्याचं. पडद्यावर लाल पट्टीवर पांढरा लोगो स्वच्छ दिसतो, ऑफिसच्या प्रिंटरवरही दिसतो, आणि छापून आलेल्या गठ्ठ्यात नुसती लाल पट्टी.

कारण असं. पीडीएफमध्ये ओव्हरप्रिंटचा मोड १ असेल तर सीएमवायकेतल्या ज्या घटकाचा आकडा शून्य, त्या प्लेटला हात लावायचा नाही असा नियम चालतो. पांढऱ्यात चारही शून्य. म्हणजे कुठल्याच प्लेटला हात लागत नाही, खालचा लाल अखंड राहतो आणि अक्षर नाहीसं होतं. ही सेटिंग मुद्दाम कुणी करत नाही. लोगो आधी काळा असतो, काळ्याला ओव्हरप्रिंट लावणं योग्यच असतं. नंतर कुणीतरी तोच लोगो पांढरा करतं आणि ओव्हरप्रिंटची खूण वस्तूला चिकटलेली राहते. इलस्ट्रेटर आणि कोरल ड्रॉ, दोन्हींत हे घडतं. इलस्ट्रेटरच्या नव्या आवृत्त्यांत डॉक्युमेंट सेटअपमध्ये ‘डिस्कार्ड व्हाइट ओव्हरप्रिंट’ अशी खूण आहे, ती चालू ठेवावी.

सगळ्यांना ते वेगवेगळं का दिसतं, याचंही उत्तर आहे. ॲक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये, पेज डिस्प्लेखाली, ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू कधी वापरायचा हे ठरवता येतं: कधीच नाही, फक्त पीडीएफ/एक्स (छपाईसाठीच्या प्रमाण पीडीएफ) फाइलींना, आपोआप, किंवा नेहमी. ग्राहकाकडे ‘कधीच नाही’ असेल तर त्याला लोगो दिसतो, तुमच्याकडे ‘नेहमी’ असेल तर दिसत नाही. छापखान्यातल्या प्रत्येक मशीनवर ‘नेहमी’ ठेवा.

इनडिझाइनमध्ये तपासणी तीन ठिकाणी होते. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि वाय दाबून ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करा, पांढरं गायब झालं तर तिथेच कळेल. शिफ्ट एफ ६ ने सेपरेशन्स प्रिव्ह्यू उघडून व्ह्यू ‘सेपरेशन्स’ करा आणि कर्सर अक्षरावर न्या. चारही ठिकाणी शून्य आलं पाहिजे, एम १०० दिसला तर अक्षर गेलं. तिसरी जागा लाइव्ह प्रीफ्लाइट, म्हणजे काम चालू असतानाच फाइलीतल्या चुका दाखवणारी सोय, आणि इथे इनडिझाइनला शाबासकी द्यायला हवी: पांढऱ्यावर किंवा पेपरवर ओव्हरप्रिंट लागलं आहे का, याची स्वतंत्र तपासणी त्यात आहे. पण ती मूळच्या ‘बेसिक’ प्रोफाइलमध्ये बंद असते. बेसिक हरवलेल्या लिंक, हरवलेले फाँट, ओसंडलेला मजकूर असल्याच गोष्टी बघतो. त्यामुळे खाली हिरवा दिवा आहे म्हणून पांढरं सुरक्षित आहे असं मानू नका. प्रीफ्लाइट पॅनेलच्या मेनूतून ‘डिफाइन प्रोफाइल्स’, अधिकची खूण, नवा प्रोफाइल, ‘कलर’ विभाग उघडून ही तपासणी आणि जोडीला रजिस्ट्रेशन रंगाची तपासणी चालू करा. प्लेस केलेल्या पीडीएफच्या पोटातलं मात्र या दिव्याच्या भरवशावर सोडू नका, तिथे ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यूच कामाचा.

सापडल्यावर दुरुस्ती: वस्तू इनडिझाइनची असेल तर विंडो, आउटपुट, ॲट्रिब्यूट्स उघडून ‘ओव्हरप्रिंट फिल’ आणि ‘ओव्हरप्रिंट स्ट्रोक’ दोन्ही खुणा काढा. लिंक असेल तर मूळ फाइलीत काढा आणि लिंक अपडेट करा. मूळ फाइल मिळतच नसेल तर पिटस्टॉपसारख्या साधनाने पीडीएफमधले पांढरे नॉकआउट (खालचं कापणारे) करून घ्यावे लागतात.

ग्रेडियंट, छाया आणि पारदर्शकपणा

इथे थोडक्यात. रंगाकडून पेपरकडे जाणारा ग्रेडियंट खालचं झाकतो, कारण पेपरकडचं टोक पारदर्शक नसून कोरं असतं. फोटोत विरून जायचं असेल तर इफेक्ट्समधला ग्रेडियंट फेदर. स्पॉट रंग (स्वतःची वेगळी शाई आणि प्लेट असलेला) विरळ करत पांढऱ्यावर न्यायचा असेल तर दुसऱ्या टोकाला पेपर न लावता त्याच स्पॉटचा शून्य टक्के टिंट लावा, सगळा ग्रेडियंट एकाच प्लेटवर राहतो.

ड्रॉप शॅडोचा मोड मुळात मल्टिप्लाय असतो. छायेचा रंग पेपर केला आणि मोड तसाच ठेवला तर काहीच दिसणार नाही. मोड नॉर्मल किंवा स्क्रीन करा. फोटोवर मजकुरासाठी पांढरट पट्टा हवा असेल तर पेपर भरून ६० ते ७० टक्के ओपॅसिटी छान चालते, फक्त एडिट मेनूतला ट्रान्सपरन्सी ब्लेंड स्पेस ‘डॉक्युमेंट सीएमवायके’ आहे ना एवढं बघून घ्या. आरजीबी राहिला तर त्या पानाचे रंग शेजारच्या पानापेक्षा वेगळे दिसू लागतात.

देवनागरी रिव्हर्स

गडद पार्श्वभूमीवर पेपरमधली देवनागरी अक्षरं, ज्याला छापखान्यात रिव्हर्स मॅटर म्हणतात, रोमन अक्षरांपेक्षा लवकर बुजतात. शिरोरेषा एकसलग असते, तिच्यावर अनुस्वार, मात्रा आणि रफार, खाली रकार-उकारांची गर्दी. शाई पसरली की आधी अनुस्वाराचं टिंब जातं, मग ‘ष्ट’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या आतल्या फटी. आणि रजिस्टर (प्लेटांची एकमेकींशी जुळणी) थोडं जरी सुटलं तरी पांढऱ्या शिरोरेषेला एका बाजूने सायन किंवा मॅजेंटाची किनार येते.

म्हणून पार्श्वभूमीत चार शाया नकोत. काळी पट्टी हवी तर के १०० एकटा, फार तर जोडीला सी ४०. न्यूजप्रिंटवर दहा पॉइंटखाली रिव्हर्स टाळा आणि वजन मीडियम किंवा सेमिबोल्ड घ्या. बारीक सेरिफ वळणाचे फाँट इथे उपयोगाचे नाहीत. लग्नपत्रिकेतला मरून रंग सी, एम, वाय आणि के चारही मिसळून केलेला असेल तर त्यावर आठ पॉइंटचं रिव्हर्स कुठल्याही मशीनवर जोखमीचंच. तो मरून स्पॉटमध्ये न्या, एका प्लेटचं काम होतं आणि अक्षर ब्लेडसारखं कापलेलं निघतं.

फोटोवर अक्षरांना पांढरी किनार द्यायची असेल तर अक्षरालाच पेपरचा स्ट्रोक लावू नका. देवनागरीत प्रत्येक अक्षराचा शिरोरेषेचा तुकडा शेजाऱ्यावर चढलेला असतो, त्यामुळे प्रत्येक जोडाशी पांढरी चीर दिसते. चौकटीची नक्कल काढा, ‘पेस्ट इन प्लेस’ करा, मागच्या नकलेला पेपरचा जाड स्ट्रोक द्या, पुढचीला स्ट्रोक नन. मजकूर बदलला तर दोन्हीकडे बदलावा लागतो हा त्रास आहे, पण दिसणं स्वच्छ राहतं.

खरी पांढरी शाई हवी असते तेव्हा

इथे पेपर निरुपयोगी आहे, आणि इथेच इनडिझाइन कमी पडतं. क्राफ्ट, काळा कागद, पारदर्शक फिल्म, धातूचा पत्रा यांवर पांढरं हवं असेल तर पांढरी शाई लागते, आणि तिच्यासाठी तयार स्वॉच नाही. स्वतः करायचा.

नवा कलर स्वॉच घ्या, ‘नेम विथ कलर व्हॅल्यू’ची खूण काढा, नाव छापखाना सांगेल तेच द्या. डिजिटल मशीनचा रिप (फाइल छपाईसाठी तयार करणारं सॉफ्टवेअर) नावावरूनच पांढरी शाई ओळखतो. स्पेलिंग, कॅपिटल अक्षरं, अंडरस्कोर यात एक चूक झाली की तो तिला साधा स्पॉट समजून प्रोसेसमध्ये, म्हणजे सीएमवायकेत, बदलतो. कलर टाइप स्पॉट. पडद्यावर दिसण्यासाठी सीएमवायकेत काहीतरी ठळक द्या, समजा एम १०० किंवा सी ४०. इथे चार शून्य देऊ नका. दिसणार नाही, आणि प्रिव्ह्यूमध्ये तपासताही येणार नाही.

मग पांढऱ्याचा स्वतंत्र लेअर. रंगांखाली पांढऱ्याचा थर हवा असेल तर पांढऱ्या वस्तू सगळ्यात वरच्या लेअरवर ठेवून ॲट्रिब्यूट्समधून ओव्हरप्रिंट फिल द्या. नाही दिलं तर पांढरं खालच्या चार रंगांना कापून टाकतं आणि लेबलावर नुसता पांढरा ठसा येतो. शायांचा क्रम मशीनवर ठरतो, फाइलीतल्या लेअरवर नाही. मोठ्या आकारांत पांढरा थर रंगापेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटर आत घ्या, म्हणजे रजिस्टर हललं तरी पांढरी कड बाहेर डोकावत नाही. बारीक अक्षरांखाली ही आत घ्यायची रीत लावू नका, अक्षराची रेघच त्याहून फार जाड नसते.

एक्सपोर्टला पीडीएफ/एक्स-४. आणि जाण्याआधी इंक मॅनेजर उघडून ‘ऑल स्पॉट्स टू प्रोसेस’ बंद आहे ना ते बघा. ती खूण चालू राहिली तर तुमचा पांढरा खरोखरच्या मॅजेंटात छापला जाईल. ऑफसेटची पांढरी शाई पूर्ण झाकणारी नसते, काळ्या कागदावर एका फेरीत राखाडीच दिसते. दोन फेऱ्या किंवा स्क्रीन प्रिंटिंग, हे ग्राहकाला दर देण्याआधी बोलून घ्या.

इनडिझाइनचा तोटा हा की ही झाकणारी शाई पडद्यावर नीट दाखवता येत नाही. पेपरला क्राफ्टचा तपकिरी देता येतो, पण त्यावर पांढरी शाई आणि तिच्यावर रंग कसे बसतील हे एकाच दृश्यात मिळत नाही. इंक मॅनेजरमध्ये ‘ओपेक’ प्रकार आहे, तो ट्रॅपिंगच्या (शेजारच्या शाया एकमेकींवर किंचित चढवण्याच्या) हिशेबासाठी.

इतरांशी तुलना

क्वार्कएक्सप्रेसमध्ये ‘व्हाइट’ आणि ‘नन’ आहेत. नॉकआउटचं काम तोच व्हाइट करतो. कोरल ड्रॉमध्ये पांढरा हा पॅलेटमधला एक रंग आणि ‘नो फिल’ वेगळा. तिथे पानाला पार्श्वभूमीचा रंग देता येतो, पण शेजारी ‘प्रिंट अँड एक्स्पोर्ट बॅकग्राउंड’ ही खूण असते. ती काढायला विसरलं की क्रीम रंग छापला जातो. पत्रिकांचं बरंच काम आपल्याकडे कोरलमध्ये चालतं, म्हणून ही खूण पाठ असलेली बरी. स्क्रायबस फुकट आहे, त्यात पानाचा रंग प्रेफरन्सेसमध्ये फक्त दृश्यासाठी देता येतो, पण त्या रंगाशी जोडलेला, वस्तूत भरता येईल असा स्वॉच नाही. ॲफिनिटी २०२५ पासून कॅनव्हाने फुकट केलं आहे आणि वेगाने चालतं, पण पेपरसारखी सोय त्यात नाही. पांढरा म्हणजे चार शून्य, बाकी तुमची शिस्त.

कुणी घ्यावं? पुस्तकं, मासिकं, वेगवेगळ्या कागदांवरची कामं करणाऱ्यांना इनडिझाइनचा पेपर, सेपरेशन्स प्रिव्ह्यू आणि लाइव्ह प्रीफ्लाइट हे त्रिकूट वर्गणीचे पैसे वसूल करून देतं. फक्त आर्ट पेपरवर पत्रकं छापणाऱ्याला यातल्या अर्ध्या गोष्टी लागणारच नाहीत, त्याचं ॲफिनिटीत भागेल.

ॲडोबीकडून मागणी तीन गोष्टींची. एका फाइलीत एकच पेपर मिळतो, त्यामुळे मुखपृष्ठाचा आर्ट पेपर आणि आतला क्रीम एकत्र दाखवता येत नाही, दोन फाइली कराव्या लागतात. पांढऱ्या शाईसाठी झाकणारा स्वॉच हवा. आणि पांढऱ्याच्या ओव्हरप्रिंटची तपासणी बेसिक प्रोफाइलमध्ये मुळातच चालू असायला हवी.

तोवर ती स्वतः चालू करा. कुठलीही फाइल उघडी नसताना स्वॉचेसमध्ये केलेले बदल पुढच्या प्रत्येक नव्या फाइलीत उतरतात. नको असलेले रंग तेव्हाच काढून टाका, पण पेपरला तेव्हा हात लावू नका, नाहीतर सगळ्या नव्या फाइली क्रीम उघडतील. तयार केलेला प्रीफ्लाइट प्रोफाइल डिफाइन प्रोफाइल्सच्या मेनूतून एक्स्पोर्ट करता येतो. ती एक छोटी फाइल छापखान्यातल्या सगळ्या मशीनवर लोड करा आणि प्रीफ्लाइट ऑप्शन्समध्ये ‘वर्किंग प्रोफाइल’ म्हणून तीच निवडा.